जागा बघणाऱ्या आत्याबाई

आत्याबाई कुणाच्या घरी गेल्या की लगेच बसायच्या नाहीत. हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याउभ्या घर बघायच्या. मग घरच्या बाईला विचारायच्या, "वारा कुठनं येतो? पाणी किती लांब हाय? आन् बाळंतीण कुठं निजवता?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळायचं. तिसऱ्याला माणसं इकडंतिकडं बघायची, कारण ओसरीवर बाप्ये बसलेले असायचे आणि बाळंतिणीचं बोलणं बाप्यांसमोर काढायचं नसतं. आत्याबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या सरळ आत जायच्या आणि स्वतःच बघून यायच्या.

एकदा नात्यातल्या मुलीसाठी उमापूरला स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा धडधाकट, जमीन काळीभोर, दाराशी बैल. बोलणी सुपारी फोडण्यापर्यंत आली, तेवढ्यात आत्याबाई माजघरातून बाहेर आल्या. "उठा बे," म्हणाल्या, "हितं म्हस बी इणार न्हाई." सुपारी तशीच ताटात राहिली. मुलाचा बाप आरडाओरडा करत होता, माझे सासरे हात जोडत होते, आणि आत्याबाई केव्हाच गाडीत जाऊन बसल्या होत्या. त्या मुलीला पुढं दुसरं स्थळ मिळालं. तिनं आत्याबाईंना कधी नावं ठेवली नाहीत, बाकी सगळ्या गोतानं ठेवली.

'बे' हा शब्द आमच्याकडं बाप्ये एकमेकांना वापरतात. बाईनं तो तोंडात घ्यायचा रिवाज नाही. आत्याबाई पाटलापासून पटवाऱ्यापर्यंत सगळ्यांना 'बे' म्हणायच्या. त्यांच्या तोंडाला लागायला कुणी जात नसे. गाव म्हणायचं, म्हातारीच्या नाकावर राग. मी म्हणते, राग नाकावर असता तर बरं होतं, शिंकरून टाकता आला असता. त्यांचा राग पोटात होता, आणि तो तिथं का होता हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं तेच त्यांना वेडी म्हणायचे. मला आज इतक्या वर्षांनीही त्या लोकांचा संताप येतो.

माझे सासरे गावचे पाटील, आणि त्या त्यांच्या धाकट्या बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या. त्यांच्या बापानं चोळी-बांगडीसाठी म्हणून त्यांना गावाबाहेरचा तुकडा तोडून दिला. लेकीला चोळी-बांगडीला दिलेली जमीन कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरीजवळ थोडी काळी माती, बाकी नुसता माळ आणि कमरेएवढं गवत. भावाला वाटलं होतं, बहीण घरात राहील, भाकरी थापील, जमीन आपणच करू. आत्याबाईंनी पहिल्याच वर्षी विहिरीशेजारी उंचवट्यावर मातीचा कोठा बांधला, पूर्वेला दार आणि दोन्ही बाजूंना खिडक्या ठेवल्या, आणि तिथंच राहायला गेल्या. सणावारालाही घरी जेवायच्या त्या ओसरीवर. आतल्या खोलीकडं पाठ करून बसायच्या.

आता त्या खोलीबद्दल सांगते. आमच्या घरात बाळंतिणीची खोली सगळ्यांत मागं होती. खिडकी नव्हती. एका भिंतीपलीकडं गोठा, त्यामुळं ती भिंत बारमाही ओली. दाराला गोणपाट. बाळंतीण आत गेली की शेणीची शेगडी पेटायची, वर ओव्याची धुरी, कान बांधलेले, आणि पाणी मागितलं तर घोटभर. वारा लागू नये म्हणून सगळी धडपड. आत्याबाईंची दोन्ही बाळंतपणं रिवाजाप्रमाणं माहेरी, ह्याच खोलीत झाली. दोन्ही मुलगे, दोन्ही पाचवीच्या पुढं गेले नाहीत. घरानं सांगितलं, सटवाईनं नेले. आत्याबाईंनी तेव्हाच बापाला सांगितलं होतं, "सटवाईनं न्हाई नेले. ह्या खोलीनं नेले." पोर दुःखानं बरळते म्हणून बापानं दुर्लक्ष केलं. भावानंही केलं. भिंतीत एक भोक पाडायचं, तेवढं काम होतं.

मला आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं. माझी मुलगीही तिथंच गेली. सासूबाई म्हणाल्या, सटवाई. सुईण म्हणाली, सटवाई. आत्याबाई दारात आल्या, गोणपाट टराटरा ओढून फाडलं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नवं गोणपाट लावलं.

मी हिंडूफिरू लागले तशी त्यांची भाकरी घेऊन कोठ्यावर जायला लागले. घरात बसवत नव्हतं. दिवाळी सरली होती, ज्वारी निसवत होती. आत्याबाई पाखरं हाकायच्या माळ्यावर बसलेल्या असायच्या, पण त्यांची नजर पाखरांवर नसायचीच. मला वर बोलावून त्यांनी ओढ्याकाठचं टेकाड दाखवलं. म्हणाल्या, "बघ. तिनं जागा धरली."

ती म्हणजे लांडगीण. दरवर्षी त्याच टेकाडात तिची वीण व्हायची. आत्याबाई ते बिऱ्हाड कितीतरी वर्षं बघत आल्या होत्या, आणि ते कुठं आहे हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण बीळ कळलं की गावातली माणसं तोंडाशी धूर करून पिल्लं काढतात आणि टोपलीत घालून धनगरांच्या वाड्यावाड्यानं दाखवत, मेंढरांचा वैरी धरला म्हणून धान्य मागत फिरतात. हा आमच्याकडचा मर्दपणा.

"पाऊस उघडला की ती हिंडाया लागती," आत्याबाई सांगायच्या. "ह्या बिळात शिर, त्या बिळात शिर. साळिंदराची जुनी बिळं असत्यात, ती उकरून साफ करती. समदी तयार ठिवती, एकात काय झालं तर दुसरं असावं म्हणून. पण वेती ह्याच टेकाडात. कावून?"

मी म्हणायचे, "कावून?"

"माती भुसभुशीत, पर वरती मुरमाचा थर हाय, ढासळत न्हाई. तोंड उगवतीला. मागनं दुसरी वाट. खाली डोह, दूध पाजणारीला पाणी जवळ लागतं. टेकाडावर बसलं की चारी अंगाला दिसतं, कोण येतंय, कोण जातंय. आन् माणसाचा पाय न्हाई. एवढं समदं बघती ती. नर आणून खाऊ घालतो, मागल्या सालची पोरं राखणीला बसत्यात." मग त्या गावाकडं मान करायच्या, आमच्या घराच्या माडीकडं. "आन् पाटलाच्या घरात? गोठ्याला टेकून, उंदीर मरतो त्या जागी लेकरू घालत्यात."

त्यांचा लांडग्यांवर जीव होता असं मी म्हणणार नाही. शेळी नेली तर त्या लांडग्यालाही आईमाईवरनं शिव्या द्यायच्या. पण हरणांचे कळप ज्वारीत उतरायचे ते लांडग्यांमुळं आत्याबाईंच्या रानात उतरत नव्हते, हे त्या चोख ओळखून होत्या. एकदा गेवराईहून तहसिलीचा गिरदावर, जमिनी तपासणारा अंमलदार, आला. माळाकडं हात करून म्हणाला, "ये जमीन पडी कायकू है, बाई?" आत्याबाई म्हणाल्या, "पडी न्हाई बे. बिऱ्हाड राहतं त्यात." त्यानं विचारलं, कोणाचं? म्हणाल्या, "माज्या राखणदाराचं." तो बिचारा वस्ती शोधत अर्धा माळ चढला आणि घामाघूम होऊन परत आला.

माणसाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. टेकाडाखाली, डोहाच्या अंगाला सात दगड मांडून त्यांना शेंदूर फासला होता. साती आसरा. पाण्यातल्या ह्या बाया पोटुशी बाई आणि तान्हं लेकरू धरतात असा धाक असतो. शेंदूर दिसल्यावर गवत कापणारी, शेण वेचणारी, कुणीही तिकडं फिरकेना. आत्याबाई खुशीत असायच्या. "गावाला आक्कल न्हाई, पर भ्यायची आक्कल हाय," म्हणायच्या. भीतीच्या पाठोपाठ गाव नवस बोलतं, हे एवढ्या हुशार बाईच्या ध्यानात आलं नाही.

माझी मुलगी गेल्यावर सासूबाई चोरून त्या दगडांना जाऊन आल्या. नवस बोलल्या, सुनेची कूस पुन्हा भरली तर आठव्या महिन्यात वाजतगाजत येऊन तुमच्यापुढं तिची ओटी भरीन, बोकड कापीन. पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सासूबाईंनी पाणवठ्यावर ही गोष्ट सांगितली आणि गावातल्या बायांचा लोंढाच लागला. कुणाला मूल पाहिजे, कुणाला मुलगा पाहिजे. दगडांवर हिरव्या बांगड्या चढल्या, पाळणे टांगले.

आत्याबाई पाणवठ्यावर जाऊन ओरडल्या, "अगं, ते दगड म्या मांडलेत. शेंदूर उमापूरच्या बाजारातला हाय."

एक म्हातारी त्यांच्या पाया पडून म्हणाली, "तुमच्याच हातानं परगट झाल्या म्हणायच्या, आत्याबाई."

आत्याबाईंनी आपलं कपाळ बडवून घेतलं. मी तिथंच होते. हसावं की रडावं कळेना, आणि आता ते आठवलं की हसू अजिबात येत नाही.

मार्गशीर्षात माझी ओटी भरायला गाड्या जुंपल्या. मला आठवा लागला होता. मी मालकांना म्हटलं होतं, मला तिथं नेऊ नका, तिथं वीण झालीय. ते म्हणाले, "आईपुढं माझं काय चालतंय?" मालक माझे भले, पण त्यांचं कधी कुणापुढं काही चाललं नाही.

भर दुपारी आम्ही पोचलो. हलगी वाजत होती. बोकड कापलं. वारं सुटलं होतं म्हणून बाप्यांनी आडोसा शोधला आणि टेकाडाच्या कुशीत, एका खळग्याला लागून चूल मांडली. सोय बघून मांडली. जाळ चांगला लागला, आणि धूर वर जायच्या ऐवजी खळग्यात आत आत जाऊ लागला. चूल ओढणारी आहे म्हणून स्वयंपाकी खूश झाला. तो खळगा म्हणजे बिळाचं तोंड होतं.

मी गाडीत बसले होते, म्हणून मला ओढ्याची बाजू दिसत होती. मागच्या वाटेनं लांडगीण बाहेर आली. तोंडात पिल्लू होतं, मानेला धरलेलं. एवढा गलका, एवढी माणसं, हलगी, आणि ती उघड्या वाळूतून पळत पलीकडच्या काठावर चढली. तिकडं आडोसा काही नव्हता, नुसती बोरीची खुरटी झुडपं. पिल्लू तिथं टाकून ती परत आली. परत आत शिरली. धुरातून दुसरं घेऊन निघाली तेव्हा कुणीतरी बघितलं. आरोळी झाली, कुत्री सुटली, पोरंबाप्ये धोंडे घेऊन धावले. त्यानंतर तिला परत येता आलं नाही. पलीकडच्या काठावर ती कितीतरी वेळ उभी होती, आणि माणसं तिला धोंडे मारत होती.

आत्याबाई कोठ्यावरून पळत आल्या. त्या वयात पळत आल्या. पहिल्यांदा त्यांनी लाथेनं चूल उधळली, हंडा कलंडला, रस्सा मातीत गेला. मग ओढ्याकडं उतरून मागच्या तोंडाशी पालथ्या पडल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला लागलं ते पिल्लू बाहेर काढलं. वाटेपर्यंत आलं होतं बिचारं. मऊ, काळपट, डोळे उघडलेले. जीव नव्हता.

ते पदरात घेऊन त्या दगडांपाशी आल्या. माझ्या ओटीचं ताट तिथं मांडलेलं होतं. त्याच्या शेजारी त्यांनी पिल्लू ठेवलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "घे वैनी. तुज्या आसरांना निवद झाला. आता सांग समद्यांला, हे बी सटवाईनं नेलं म्हणून."

हलगीवाला थांबला. आत्याबाई गाडीपाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "तुला कुठं इयाचंय ते तू बघ. ती मुकं जितराब असून बघती." एवढंच. माझा हात धरला नाही, ओढलं नाही. मी गाडीतून उतरले आणि त्यांच्या मागोमाग कोठ्याकडं चालू लागले. मागं सासूबाई माझं नाव घेऊन ओरडत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी वळून बघितलं नाही.

दिवस कलायच्या आत सासरे आले. पागोटं, हातात काठी, बरोबर दोन माणसं. आत्याबाई कोठ्याच्या दारात बसलेल्या.

"बाई, सुनेला पाठव."

"न्हाई पाठवत."

"पाटलाच्या घरची सून माळावर बाळंत हुणार? लोक काय म्हणतील? माजी अब्रू हाय का न्हाई?"

"तुजी अब्रू त्या खोलीत ठिव, दादा," आत्याबाई म्हणाल्या. "खिडकी न्हाई तिला. कुठं जायची न्हाई."

सासरे माझ्याकडं वळले. मी पदर पुढं ओढला आणि सांगितलं, "मी येत न्हाई. मारायचं असंल तर हितं मारा." सासरे गेले, पण जाताना विहिरीवरचा दोर आपल्या माणसाकडून काढून नेला. बहिणीला आणि आठव्या महिन्यातल्या सुनेला पाणी मिळू नये म्हणून. ही पाटलाची अब्रू. माझ्या मालकांनी संध्याकाळी दुसरा दोर आणून गुपचूप दारात टाकला, तेवढं त्यांचं चाललं.

माझी दुसरी मुलगी त्या कोठ्यात झाली. सुईण कुरकुरत आली. आत्याबाईंनी तिला आधी विहिरीवर हात धुवायला लावले, नाळ कापायचा विळा उकळत्या पाण्यात टाकायला लावला, आणि शेगडी पेटवू दिली नाही. मला तांब्या भरून पाणी दिलं. खिडकीतून ऊन अंथरुणावर येत होतं आणि ज्वारीचा वास येत होता. पाचवीला सासूबाई पूजेचं सामान घेऊन आल्या. आत्याबाईंनी त्यांना अडवलं नाही, फक्त दार लावू दिलं नाही. पाचवी झाली. सहावा दिवस गेला, सातवा गेला. पोरगी रडत होती, पीत होती, वाढत होती. त्या दिवशी मी आत्याबाईंना विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसून रडताना पाहिलं. मी बघितलं हे कळल्यावर त्यांनी मला शिव्या दिल्या.

आणि गावानं काय म्हणावं? आसरा पावल्या. सासूबाईंनी दुसरं बोकड कापलं. दगडांना चौथरा झाला, चौथऱ्यावर छप्पर झालं, मार्गशीर्षात जत्रा भरायला लागली. पार गोदाकाठच्या गावांतून बाया येऊ लागल्या. यायच्या, पाळणा टांगायच्या आणि परत जाऊन त्याच खोल्यांत निजायच्या. लांडगीण त्या टेकाडात पुन्हा कधी वेली नाही. पुढल्या साली हरणांनी आत्याबाईंची ज्वारी बुडख्यापर्यंत खाल्ली, आणि त्या बांधावर उभ्या राहून हरणांना नाही, जत्रेला शिव्या देत होत्या.

त्या म्हाताऱ्या झाल्या, उठवेना, तेव्हा सासऱ्यांना पुन्हा अब्रू आठवली. बहीण माळावर मेली असं व्हायला नको. मी माझ्या मुलीला घेऊन नात्यातल्या लग्नाला गेले होते. परत येऊन आधी कोठ्यावर गेले, तर तो रिकामा. आत्याबाईंना उचलून घरी आणलं होतं आणि ठेवलं कुठं होतं, तर त्या मागच्या खोलीत. वारं लागायला नको म्हणून. सासूबाईंनी शेगडीही पेटवली होती.

मी गोणपाट सारून आत गेले. अंधारात त्यांचा आवाज आला, "कोण हाय बे?" मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला हितं कावून आणलं?" एवढी मोठी जहांबाज बाई, पण आवाज लहान मुलीचा झाला होता.

मी परसात गेले आणि पहार घेऊन आले. खोलीची परसाकडची भिंत चांगली हातभर जाडीची. माझ्या घावानं नुसती माती सांडत होती. सासूबाई ओरडायला लागल्या. त्या आवाजानं सासरे आले, आणि मी पहार घट्ट धरली. ह्या वेळी त्यांनी हात लावला असता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बहिणीकडं बघितलं, किती तरी वेळ बघितलं. मग माझ्या हातातली पहार घेतली. भिंतीत तुळई कुठं आहे आणि भराव कुठं आहे हे घरच्या धन्याला माहीत होतं. त्यांनी जागा बघून घाव घातले. थोड्याच वेळात ढेकळं बाहेर पडली आणि आत उजेड आला, मागनं वारा आला. शेगडीचा धूर हलला आणि भोकातून बाहेर जायला लागला.

आत्याबाईंनी मान वळवून त्या भोकाकडं बघितलं. सासरे घामानं भिजलेले, पहारीवर टेकून उभे होते.

"दादा," आत्याबाई म्हणाल्या, "लई उशीर केलास."

सासरे तिथंच खाली बसले. आत्याबाईंनी त्यांच्याकडं पुन्हा बघितलं नाही. मला म्हणाल्या, "माजं डोकं तिकडच्या अंगाला कर, वाऱ्याकडं." मी अंथरूण फिरवलं, आणि शेगडी उचलून बाहेर नेऊन ओतली.